गाव एक, सरकारं दोन: जिवतीच्या १४ गावांचा घोळ काय आहे?

१९४५ मध्ये ३८व्या अक्षांशावर रेघ ओढली गेली आणि एकाच कोरियन समाजाची दोन सरकारांत वाटणी झाली. तिथं प्रत्येकाच्या वाट्याला एकच सरकार आलं. भद्रावती ज्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे, त्याच्याच टोकाला जिवती तालुक्यातल्या १४ गावांना मात्र दोन्ही सरकारं मिळाली.

महाराजगुडा, मुकदमगुडा, परमडोली, अंतापूर... या गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचाही दावा. म्हणून शाळा मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही, सरपंच दोन, रेशनकार्डं दोन. महाराजगुड्यात तर एका घराच्या काही खोल्या इकडे, काही तिकडे!

मूळ १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आहे. राजुरा तेव्हा हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. ते मुंबई राज्यात आलं, उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. सीमेवरच्या या गावांचा हक्क कुणीच सोडला नाही.

मग लोकांची चंगळ? वरवर पाहता तसंच. वृद्धांना तेलंगणात महिना २,०१६ रुपये पेन्शन, महाराष्ट्रात २०२३ पासून १,५००. लोकसभेला २०१९ मध्ये दोन्हीकडचं मतदान ११ एप्रिललाच होतं. २०२४ मध्ये चंद्रपूरचं १९ एप्रिलला, आदिलाबादचं १३ मेला.

पण खरं दुखणं जमिनीचं आहे. अनेक कुटुंबं वर्षानुवर्षं शेती कसतात, पण जमिनीचा पट्टा नावावर नाही. पट्टा नाही म्हणून सातबारा नाही, आणि सातबाऱ्याशिवाय बँक पीककर्ज देत नाही. दोन रेशनकार्डं दाखवून ते मिळत नाही.