ज्योतीवर जमणारा बर्फ

ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्टझसाइट नावाचं एवढंसं गाव आहे. हिवाळ्यात त्याच्या आजूबाजूच्या माळावर आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, जत्रेतल्या पालांसारखी पसरतात. आतेभावाच्या आरव्हीतून आम्हीही तिथे मुक्काम ठोकला आणि दुसऱ्या सकाळी फ्रीज उघडला, तर दूध नासलेलं, लोणी पातळ.

बाहेरून फ्रीजमागची जाळी काढली. आत निळी ज्योत जळत होती. मी दचकलोच.

"अरे, तिच्यावरच तर चालतो तो," भाऊ म्हणाला.

"मग चालत का नाहीये?"

शेजारच्या गाडीतले आजोबा आले, ते पाना-पक्कड घेऊन नव्हे, तर गवंड्याकडे असते तशी पाणसळ घेऊन. फ्रीजरच्या तळावर ती ठेवली. बुडबुडा पळत जाऊन टोकाला चिकटला. "आधी गाडी सरळ करा," एवढंच बोलून ते परत गेले.

त्या एका वाक्यात सगळं यंत्र होतं. घरच्या फ्रीजला कॉम्प्रेसर असतो. या फ्रीजच्या शीतचक्रात हलणारा एकही भाग नाही. आहेत त्या फक्त जोडून बंद केलेल्या नळ्या आणि त्यांत अमोनिया, पाणी व हायड्रोजन. प्रोपेनच्या ज्योतीवर अमोनियाचं पाणी उकळतं, बुडबुडे त्याला बारीक नळीतून वर ढकलतात. अमोनियाची वाफ सुटून आणखी वर जाते, पत्र्याच्या पात्यांत निवते आणि द्रव होऊन खाली ओघळते. ओघळता ओघळता तिची गाठ हायड्रोजनशी पडते आणि खरी गंमत तिथेच आहे.

माठ आठवा. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं, कोकणातल्या दमट हवेत तितकं होत नाही, कारण बाष्प वाहून न्यायला हवा कोरडी लागते. इथे ती कोरडी हवा म्हणजे हायड्रोजन. त्याच्यात अमोनियाला पसरायला मोकळी जागा मिळते, तो भराभर उडतो आणि उडताना लागणारी उष्णता आपल्या दुधातून, लोण्यातून ओढून घेतो. मग हे जड झालेलं मिश्रण खाली उतरतं, पाणी त्यातला अमोनिया पिऊन टाकतं, हलका हायड्रोजन वर परततो आणि अमोनियाचं पाणी पुन्हा ज्योतीकडे. स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्त्सार फॉन प्लॅटन आणि कार्ल मुंटर्स या दोन तरुणांनी 1922 साली हे जुळवलं. 1925 पासून इलेक्ट्रोलक्सने असे फ्रीज बनवले. (मोटरशिवायच्या फ्रीजची खटपट आइन्स्टाइननेही केली होती, लिओ झिलार्डबरोबर.)

पंप नसल्यामुळे परतीची सगळी वाट उतारावर अवलंबून. गाडी कलली की द्रव नळीच्या खोलगट वळणात साचून राहतो. ज्योत बिचारी जळतच असते, पण तिच्यापाशी उकळायला पुरेसं काही पोचत नाही. असं फार वेळ चाललं, तर गंज लागू नये म्हणून मिसळलेलं सोडियम क्रोमेट तापून खडे धरतं आणि नळी कायमची तुंबते. मग काही जुनेजाणते फ्रीज उपसून चक्क उलटा करून ठेवतात, साचलेलं हलावं म्हणून. कधी त्याने काम भागतं, पण माझा भरवसा पाणसळीवर जास्त. मागे पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर मात्र हात लावू नये: नळी फुटलेली असते आणि ती भुकटी विषारी असते.

चालत्या गाडीत हा त्रास सहसा का होत नाही? घाटात गाडी या अंगाला, त्या अंगाला झुकते; त्या डुलण्यात साचलेलं वाहून जातं. धोका असतो तो निवांत उभ्या गाडीला.

आम्ही डाव्या चाकांखाली लाकडी फळ्या सारल्या आणि गाडी इंच-इंच पुढे घेतली. बुडबुडा मधे येईपर्यंत भाऊ खाली, मी स्टिअरिंगवर. संध्याकाळपर्यंत काहीच फरक नाही. हा फ्रीज घाई करत नाही. रात्री जाळीतून ती बोटाएवढी ज्योत दिसत होती. पहाटे ट्रे काढला तेव्हा बर्फ जमला होता.