गोळी कोठे पडेल?

हरणी म्हटले की बडोदेकरांच्या डोळ्यांसमोर विमानतळ उभा राहतो. तेथे येणारे विमान धावपट्टीवर कोठे टेकावयाचे, हे आधीच ठरलेले असते. कारण चाके जमिनीला लागेपर्यंत त्याची गती आणि दिशा वैमानिकाच्या हाती असते. त्याच हरणीतील एखाद्या अंगणात शाळकरी मुलाने घरी केलेल्या यंत्रातून मातीची गोळी उडवली, तर तिची गोष्ट निराळी. ती एकदा सुटली की तिच्यावर कोणाचीच सत्ता चालत नाही. म्हणून ती कोठे पडेल, याचा विचार ती सुटण्यापूर्वीच व्हावयास हवा.

ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा राखणदार या प्रश्नाचे उत्तर सवयीने देतो. सवयीची जागा गणिताने घेतली ती पुष्कळ उशिरा. ४५ अंशांच्या कोनात सोडलेला गोळा सर्वांत दूर जातो, हे इटलीतील तार्तालियाने १५३७ साली लिहून ठेवले. त्यामागचे कारण मात्र गॅलिलिओच्या १६३८ सालच्या ग्रंथात स्पष्ट झाले. त्याने फेकलेल्या वस्तूच्या गतीचे दोन भाग कल्पिले : एक आडवा, दुसरा उभा. आडवी गती आहे तशीच चालू राहते. उभ्या गतीवर मात्र पृथ्वीचे आकर्षण अखंड काम करते. दोन्ही एकाच वेळी चालतात, पण एकीमुळे दुसरीत बदल होत नाही. या दोहोंच्या मेळातून जी वक्ररेषा उमटते, तिला अन्वस्त म्हणतात.

हे तत्त्व घरच्या घरी पडताळून पाहता येते. लाकडी चौकटीवर एक चमचा बिजागरीसारखा बसवावा, त्याला रबर बांधावे आणि चमचा अडेल अशी एक आडवी पट्टी ठोकावी. चमचा पट्टीवर आदळून थांबतो आणि गोळी पुढे निघून जाते. थांबतेवेळी चमचा ज्या दिशेला असतो, तिच्याशी काटकोन करून गोळी सुटते. चमचा सरळ उभा असताना अडला, तर गोळी आडवी जाईल. ४५ अंश मागे असतानाच अडला, तर ती ४५ अंशांनी वर चढेल.

आता गोळीचा वेग कसा मोजावा? त्यासाठी घड्याळाची गरज नाही. गोळी सुटण्याची जागा जमिनीपासून १२२.५ सेंटिमीटर उंच राहील असे यंत्र ठेवावे आणि गोळी आडवी सोडावी. एवढ्या उंचीवरून खाली येण्यास कोणत्याही जड वस्तूला अर्धा सेकंद लागतो, मग ती सरळ खाली पडो की आडवी फेकलेली असो. जमिनीवर पांढरा कागद आणि त्यावर कार्बनचा कागद पसरला की गोळीची खूण आपोआप उमटते. ती खूण ३ मीटरवर उमटली, तर गोळी अर्ध्या सेकंदात ३ मीटर गेली. म्हणजे तिचा वेग सेकंदाला ६ मीटर झाला.

एवढे हाती आले की पुढचे भाकीत करता येते. रबर तितकेच ताणून ४५ अंशांनी गोळी सोडली आणि ती सुटली त्याच पातळीवर पडू दिली, तर वेगाच्या वर्गाला ९.८ ने भागावे. ३६ भागिले ९.८, म्हणजे सुमारे ३ मीटर ६७ सेंटिमीटर. ३० अंश आणि ६० अंश या दोन्ही कोनांत अंतर एकच येते, सुमारे ३ मीटर १८ सेंटिमीटर. ३० अंशांची गोळी खालून वेगाने जाते, ६० अंशांची उंच चढून सावकाश येते. पण दोघींचा मुक्काम एकच.

तरीही दहा गोळ्या सोडल्या तर दहा खुणा एका ठिकाणी पडत नाहीत, आणि या प्रयोगातला खरा धडा तोच आहे. ४५ अंशांपाशी कोनात दोन अंशांची चूक झाली, तर अंतरात एका सेंटिमीटरचाही फरक पडत नाही. परंतु वेग शंभरात पाचाने वाढला की गोळी जवळजवळ ३८ सेंटिमीटर पुढे जाते. वेग दुप्पट झाला तर अंतर चौपट होते. म्हणून रबर किती ताणले, याची खूण करून ठेवणे हे कोन मोजण्याहून अधिक महत्त्वाचे ठरते. हवाही आपला वाटा घेते. मातीची घट्ट गोळी तिला फारशी जुमानत नाही. कागदाचा बोळा मात्र हिशेबाच्या बराच अलीकडे पडतो. वारा असेल तर तो बोळा बाजूलाही नेतो. विमानतळावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी टांगलेली असते, तिचे प्रयोजन या छोट्या प्रयोगातही ध्यानात येते.

यास्तव शहाणा प्रयोगकर्ता जमिनीवर एक बिंदू काढून थांबत नाही. दहा खुणांपैकी सर्वांत जवळची आणि सर्वांत दूरची पाहून तो एक पट्टा आखतो, आणि त्या पट्ट्याच्या पुढेही मोकळी जागा सोडतो. हाताने ताणलेल्या गलोलीतून निघालेल्या खड्याला असा पट्टा नसतो. त्याचा वेग दर खेपेस निराळा. एखाद्याचा डोळा जाण्यास असा एकच खडा पुरेसा होतो. म्हणून खड्याऐवजी ओल्या मातीची हलकी गोळी घ्यावी, समोर कोणी नाही हे पाहावे, आकडा आधी कागदावर लिहावा आणि मगच रबर सोडावे.