आधी मोजा, मग शॉकअप बदला

समजा तुम्ही फेलोशिपमधून पैसे साठवून सेकंडहँड हिमालयन 411 घेतलीत. सामान लादलं आणि मागे कोणी बसलं की गाडी मागून दबते, खड्ड्यानंतर डोलत राहते. मेकॅनिक म्हणतो, "शॉकअप बदला." थांबा! हे फक्त लक्षण झालं, निदान अजून बाकी आहे.

आधी टायरची हवा बघा. मग सॅग मोजा. मागचं चाक अधांतरी ठेवून ॲक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्या. आता गाडी जमिनीवर उभी करून, नेहमीचं सामान आणि माणसं चढवून तेच अंतर पुन्हा घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. तीनदा मोजून सरासरी काढा. या गाडीच्या मागच्या चाकाची हालचाल 180 मिमी आहे. सॅग त्याच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे 60 मिमीच्या आसपास हवा. जास्त आला तर प्रीलोड वाढवा, त्याला पैसे लागत नाहीत. पूर्ण वाढवूनही गाडी दबत असेल तर स्प्रिंग कमी पडतेय.

सॅग बरोबर, तरी डोलते? मग डॅम्पर तपासा. स्प्रिंग वजन पेलते, डॅम्पर हेलकावे थांबवतो. नुसती कडक स्प्रिंग टाकली तर थकलेल्या डॅम्परला ती आवरत नाही आणि डोलणं उलट वाढतं.

प्रयोगातही असंच फसायला होतं. बेसलाइन न घेता तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर सुधारणा कशामुळे झाली हे गाईडला काय सांगणार? एका वेळी एकच बदल करा, आणि प्रत्येक आकडा वहीत लिहा.