लष्करी डायोरामातील हिमदृश्य

लष्करी डायोरामातील हिमदृश्य म्हणजे युद्धप्रसंग दाखवणाऱ्या लघुप्रमाण त्रिमितीय देखाव्यात जमीन, वाहने, झाडे, इमारती व मानवाकृती यांवर कृत्रिम साहित्याने केलेले हिमाचे वास्तवदर्शी चित्रण होय. रणगाडे, तोफा व सैनिक यांच्या प्रतिकृती तयार करण्याच्या छंदात हे एक स्वतंत्र कौशल्य मानले जाते. हिम केव्हा पडले, किती काळ साचून राहिले, वारा कोणत्या दिशेने वाहत होता आणि त्यावरून कोण गेले, याचा माग हिमाच्या थरात उमटलेला असतो. हा माग दाखवलेल्या प्रसंगाशी जुळला तरच देखावा विश्वसनीय ठरतो.

संज्ञा

'डायोरामा' हा शब्द लुई दागेर व शार्ल बूताँ यांनी १८२२ मध्ये पॅरिस येथे सुरू केलेल्या प्रकाशचित्रांच्या प्रेक्षागृहामुळे रूढ झाला. तेथे भव्य पडद्यावर रंगवलेल्या दृश्यांवर प्रकाशाचे फेरफार करून काळवेळ बदलल्याचा भास निर्माण केला जाई. पुढे संग्रहालयांतील व छंदातील लहान आकाराच्या त्रिमितीय देखाव्यांना हे नाव मिळाले.

मराठीत 'बर्फ' हा शब्द आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत थरासाठी व गोठलेल्या घट्ट पाण्यासाठी असा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. देखाव्यात या दोहोंसाठी वेगळे साहित्य लागते. म्हणून या लेखात पहिल्यासाठी 'हिम' व दुसऱ्यासाठी 'बर्फ' हा शब्द योजला आहे.

पार्श्वभूमी

लष्करी डायोरामाच्या प्रसारात अमेरिकी कलाकार शेपर्ड पेन (१९४६–२०१५) यांचा मोठा वाटा आहे. मोनोग्राम कंपनीच्या प्रतिकृतिसंचांसोबत १९७० च्या दशकात दिल्या जाणाऱ्या त्यांच्या पत्रकांमुळे अनेकांना सुटी प्रतिकृती प्रसंगात बसवण्याची प्रेरणा मिळाली. डायोरामा कसा करावा यावरील त्यांचे पुस्तक १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. रणगाडे व सैनिक यांच्यासाठी १:३५ हे प्रमाण सर्वाधिक प्रचलित असून १:४८ व १:७२ ही प्रमाणेही वापरली जातात.

हिमासाठी पूर्वी खाण्याचा सोडा, प्लास्टर, टाल्कम पावडर, मीठ असे घरगुती पदार्थ वापरले जात. आता विविध कंपन्यांची तयार भुकटी, लेप व द्रावणे उपलब्ध आहेत. तरीही साहित्य बदलल्याने मूळ प्रश्न सुटत नाही. हिमाचे निरीक्षण करावेच लागते.

हिमाचे स्वरूप आणि प्रमाण

हिमाचा प्रत्येक कण पारदर्शक असतो. असंख्य कणांच्या पृष्ठभागांवरून सर्व रंगांचा प्रकाश सारख्याच प्रमाणात विखुरला गेल्याने थर पांढरा दिसतो. घट्ट बर्फात प्रकाश खोलवर जातो आणि तांबड्या रंगाचे शोषण अधिक होते, म्हणून जाड बर्फाला निळसर झाक येते. निरभ्र दिवशी हिमावरील सावल्याही आकाशाच्या प्रकाशामुळे निळसर भासतात. ताज्या, हलक्या हिमाची घनता दर घनमीटरला सुमारे १०० किलोग्रॅम असते, तर बर्फाची सुमारे ९१७ किलोग्रॅम. पडल्यानंतर हिम स्वतःच्या भाराने दबते, त्याच्या कडा गोलसर होतात व थराची उंची कमी होते.

लघुप्रमाणात कणाचा आकार फार महत्त्वाचा ठरतो. मिठाचा ०.३ मिमी आकाराचा कण १:३५ प्रमाणात एक सेंटिमीटरहून मोठ्या गारेएवढा होतो. त्यामुळे मीठ वा साखर पसरलेला देखावा हिमाऐवजी गारपिटीचा भास निर्माण करतो. शिवाय पावसाळी हवेत मिठाला पाणी सुटते. भुकटी इतकी बारीक असावी लागते की नुसत्या डोळ्यांना तिचा स्वतंत्र कण दिसू नये.

थराची जाडीही मोजून ठरवली जाते. प्रत्यक्षातील ३० सेंमी हिम १:३५ प्रमाणात सुमारे ८.६ मिमी, १:४८ मध्ये ६.२५ मिमी आणि १:७२ मध्ये सुमारे ४.२ मिमी होते. सैनिकाच्या प्रतिकृतीशी ताडून पाहिल्यास हे हिम नडगीच्या मध्यापर्यंत येते. एवढ्या हिमात उभ्या केलेल्या सैनिकाचे बूट पूर्ण दिसत असतील, तर तो हिमावर तरंगत असल्यासारखा वाटतो.

प्रसंग, तारीख आणि हवामान

हिमदृश्यातील सर्वांत गंभीर चूक तंत्राची नसून इतिहासाची असते. बेल्जियममधील आर्देन प्रदेशातील जर्मन चढाई १६ डिसेंबर १९४४ रोजी सुरू झाली. लोकांच्या मनात ही लढाई दाट हिमाशी जोडलेली आहे. परंतु पहिल्या दिवसांत तेथे मुख्यतः धुके, चिखल व ओली जमीन होती. जाड हिमाची दृश्ये पुढील काळातील, विशेषतः जानेवारी १९४५ मधील आहेत.

माल्मेदी येथील हत्याकांड हे याचे बोलके उदाहरण आहे. १७ डिसेंबर १९४४ रोजी या शहराजवळच्या शेतात जर्मन एसएस तुकडीने ८४ अमेरिकी युद्धकैद्यांना ठार केले. हिमाखाली झाकलेल्या मृतदेहांची जी छायाचित्रे सर्वत्र पाहावयास मिळतात, ती सुमारे चार आठवड्यांनंतर, अमेरिकी सैन्याने तो भाग परत घेतल्यावर काढलेली आहेत. मधल्या काळात हिमाने ते देह झाकले आणि थंडीने ते टिकवले. त्यामुळे शवविच्छेदनातून हत्येचा पुरावा मिळू शकला. या छायाचित्रांवरून हत्येच्या दिवसाचा देखावा करताना शेतावर जाड हिम दाखवले, तर दोन वेगळे दिवस एक होतात आणि पुराव्याचाच विपर्यास होतो. म्हणून छायाचित्र कोणत्या तारखेचे आहे, हे पाहणे हिमदृश्याच्या तयारीचा पहिला भाग होय.

मॉस्कोच्या लढाईतही असाच फरक आढळतो. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये पडलेले पहिले हिम वितळून रस्ते चिखलात बुडाले. नोव्हेंबरच्या मध्यास जमीन गोठल्यावर वाहनांना पुन्हा हालचाल करता आली, आणि ५ डिसेंबरला सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला तेव्हा कडाक्याचा हिवाळा होता. ऑक्टोबरच्या देखाव्यात चिखल प्रमुख व हिम तुरळक, तर डिसेंबरच्या देखाव्यात चिखलाच्या गोठलेल्या चाकोऱ्या हिमाखाली झाकलेल्या असणे योग्य ठरते.

तापमानानुसार हिमाची वागणूक बदलते. शून्य अंशाच्या आसपासचे ओले हिम भिंतींना, तारांना व झाडांच्या खोडांना चिकटते. कोरियातील चोसिन जलाशयाच्या लढाईत (नोव्हेंबर–डिसेंबर १९५०) तापमान उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. अशा थंडीतील कोरडे हिम उभ्या पृष्ठभागावर टिकत नाही. वारा ते उघड्या जागेवरून उडवून खडकांच्या आडोशाला साठवतो. भारतीय विषयांपैकी १ नोव्हेंबर १९४८ रोजी झोजी ला खिंडीत स्टुअर्ट रणगाड्यांनी केलेली चढाई किंवा १९८४ पासूनची सियाचीनमधील ठाणी दाखवतानाही उंच पर्वतांवरील हा वाऱ्याचा परिणाम लक्षात घ्यावा लागतो.

साहित्य

काचेचे पोकळ सूक्ष्मगोल ही अतिशय बारीक व हलकी भुकटी आहे. तिचे कण बहुधा ०.१ मिमीहून लहान असतात. सरसात भिजल्यावर ती करडी वा अर्धपारदर्शक दिसू लागते, म्हणून मिश्रणात थोडा पांढरा ॲक्रिलिक रंग घालतात.

संगमरवराची भुकटी जड असल्याने दबलेल्या, जुन्या हिमासाठी उपयोगी पडते. कागदाच्या लगद्यापासून केलेली तंतुमय भुकटी ओल्या, गुठळ्या झालेल्या हिमाचा भास चांगला निर्माण करते.

तयार लेप नळीतून वा डबीतून मिळतात आणि थेट लावता येतात. ते सोयीचे असले, तरी सर्वत्र सारख्याच जाडीने लावल्यास केकवरील मलईसारखे दिसतात.

खाण्याचा सोडा स्वस्त व बारीक असला, तरी काळानुसार पिवळा पडतो. तो अल्कधर्मी असून दमट हवेत त्याच्या गुठळ्या होतात व रंगाच्या थरावर परिणाम होण्याची भीती असते. त्यामुळे दीर्घकाळ टिकवावयाच्या कामात तो टाळला जातो.

निर्मितीची प्रक्रिया

हिमाखालची जमीन आधी पूर्ण केली जाते. माती, दगड, वाळलेले गवत व चाकोऱ्या तयार करून त्या रंगवल्या जातात आणि व्हार्निशने बंद केल्या जातात. जेथे हिम विरळ असते तेथे हीच जमीन डोकावते. तिच्याशिवाय हिम टेबलावर सांडलेल्या पिठासारखे दिसते. जाड थरासाठी दाट फोम वा प्लास्टरने आधी उंचवटे घडवतात, म्हणजे वरचा थर पातळ ठेवता येतो.

त्यानंतर भुकटी, पीव्हीए सरस, थोडे पाणी, पांढरा ॲक्रिलिक रंग व मॅट व्हार्निश यांचे मिश्रण करतात. साचलेल्या हिमासाठी ते घट्ट श्रीखंडासारखे, तर पातळ आवरणासाठी इडलीच्या पिठासारखे सैल ठेवतात. एकाच वेळी जाड थर दिल्यास सरस वाळताना आकसतो व भेगा पडतात. म्हणून दोन-तीन पातळ थर देतात आणि प्रत्येक थर वाळू देतात.

शेवटचा थर ओला असतानाच चहाच्या गाळणीतून कोरडी भुकटी वरून चाळतात. भुकटी वरून पडत असल्याने ती आडव्या पृष्ठभागांवर आपोआप साठते आणि उभ्या बाजू उघड्या राहतात. वाऱ्याने साचलेले हिम दाखवायचे असल्यास एकच दिशा निश्चित करून झाडे, भिंती व वाहने यांच्या त्याच बाजूला थर वाढवतात. चिकटून न राहिलेली भुकटी पातळ केलेल्या सरसाच्या सूक्ष्म फवाऱ्याने पक्की करतात. फवारा जवळून मारल्यास भुकटी उडते व खड्डे पडतात.

गोठलेली डबकी पारदर्शक इपॉक्सी रेझिनने करतात. बर्फाच्या सुळक्यांसाठी पारदर्शक प्लास्टिकची काडी उष्णता देऊन ताणतात, तिचे टोकदार तुकडे छपराच्या कडेला चिकटवतात व त्यांवर चकचकीत व्हार्निश लावतात. असे सुळके छपरावरील हिम वितळून पुन्हा गोठल्याने तयार होतात. त्यामुळे सतत गोठणबिंदूखाली राहिलेल्या, न तापवलेल्या इमारतीवर ते विसंगत ठरतात.

वाहने आणि मानवाकृती

वाहन हिमावर ठेवलेले न दिसता हिमात रुतलेले दिसावे लागते. त्यासाठी ते थर ओला असतानाच जागेवर बसवतात व साखळपट्ट्यांभोवती मिश्रण भरतात. मागचे ठसे सुट्या साखळपट्टीचा तुकडा दाबून उमटवतात. ठशांची रुंदी त्याच वाहनाची असणे आवश्यक आहे: सोव्हिएत टी-३४ रणगाड्याच्या पट्ट्या ५० सेंमी वा त्याहून रुंद होत्या, तर जर्मन पँझर ४ च्या सुमारे ४० सेंमी. रुंद पट्ट्यांमुळे भार अधिक जागेवर विभागला जाऊन टी-३४ हिमात कमी रुतत असे.

चालू इंजिनाच्या उष्णतेने त्यावरील झाकण व धुरांड्याजवळचे हिम वितळते. तेथे हिम दाखवल्यास वाहन बराच काळ बंद असल्याचा अर्थ होतो. बुरुजावर चढण्याच्या जागा, दारे व हातकड्या वापरामुळे उघड्या राहतात. चाकांमध्ये अडकलेले हिम मातीत मिसळून तपकिरी झालेले असते.

हिवाळी छद्मावरणासाठी वाहनांना धुऊन निघणारा पांढरा रंग दिला जाई. प्रतिकृतीवर मूळ रंगानंतर केसांच्या स्प्रेचा थर देऊन त्यावर पांढरा ॲक्रिलिक रंग फवारतात. नंतर ओल्या ब्रशने घासून जेथे पाय व हात लागतात तेथील पांढरा रंग काढतात. रंग न मिळाल्यास सैनिक मिळेल ते वापरीत. आर्देनमध्ये बास्तोन्यजवळच्या हेमरूल गावातील रहिवाशांनी अमेरिकी सैनिकांना छद्मावरणासाठी आपल्या घरातील चादरी दिल्या होत्या. अशा प्रसंगात एकसारख्या तयार गणवेशापेक्षा घड्यांच्या खुणा असलेले, वेडेवाकडे फाडलेले कापड अधिक योग्य ठरते.

सैनिकांच्या खांद्यांवर, गुडघ्यांवर व बुटांच्या टोकांवर हिमाचे अल्प कण लावतात. पावलांचे ठसे प्रत्येक आकृतीच्या मागे सुरू असावेत; ठशांशिवाय उभा सैनिक तेथे कसा आला याचे उत्तर देखाव्यात राहत नाही.

रंगछटा

निव्वळ पांढरा रंग सर्वत्र वापरल्यास थराचे चढउतार नाहीसे होतात. म्हणून खळग्यांत निळसर करड्या रंगाचा अतिशय पातळ हात देतात आणि शुद्ध पांढरा रंग प्रकाश पडणाऱ्या कडांपुरता राखतात. रहदारीच्या जागी मातकट रंग व वितळलेल्या भागात चकचकीत व्हार्निश वापरतात. ताजे हिम मॅट असते. चमकणारी भुकटी १:३५ प्रमाणात शोभेच्या वस्तूसारखी दिसत असल्याने तिचा वापर जपून करतात.

सुरक्षितता आणि जतन

काचेचे सूक्ष्मगोल हवेत सहज तरंगतात व श्वासावाटे फुप्फुसांत जाऊ शकतात. त्यामुळे भुकटी चाळताना धूलिरोधक मुखपट्टी वापरावी, पंखा बंद ठेवावा आणि सांडलेली भुकटी ओल्या फडक्याने पुसावी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ॲस्बेस्टॉसचे तंतू शोभेचे हिम म्हणून विकले जात. त्यांपासून होणारे फुप्फुसांचे गंभीर विकार पाहता जुन्या, अनोळखी डब्यांतील कृत्रिम हिम वापरू नये.

पांढऱ्या पृष्ठभागावर धूळ लवकर दिसते आणि भुसभुशीत थरावरून ती पुसता येत नाही. काही सरस व व्हार्निश सूर्यप्रकाशाने पिवळसर होतात. म्हणून पूर्ण झालेला देखावा काचेच्या बंद पेटीत, थेट उन्हापासून व ओलाव्यापासून दूर ठेवला जातो. देखाव्यासोबत प्रसंगाचे स्थळ व तारीख यांची पट्टी लावण्याची पद्धत आहे. तिच्यामुळे दाखवलेले हिम त्या दिवसाशी पडताळून पाहता येते.