विश्लेषण : चिंचिलाला पाण्याने आंघोळ का घालू नये? पावसाळ्यात बुरशीसंसर्ग कसा टाळायचा?

सशाहून लहान, झुबकेदार शेपटीचा आणि रेशमासारख्या मऊ केसांचा चिंचिला भारतातही काही हौशी मंडळी पाळतात. मात्र थंड, कोरड्या डोंगराळ प्रदेशातल्या या प्राण्याला आपल्याकडचा पावसाळा मानवत नाही. दमट हवेत त्याच्या त्वचेला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि तो घरातल्या माणसांपर्यंतही पोहोचतो.

दाट केस अडचणीचे का ठरतात?

चिंचिला मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. माणसाच्या डोक्यावर एका छिद्रातून एक ते चार केस उगवतात, चिंचिलाच्या अंगावर पन्नासहून अधिक. हे आवरण अँडीजच्या थंडीसाठी आहे, पाण्यासाठी नव्हे. ते एकदा मुळापर्यंत भिजले की लवकर वाळत नाही आणि कातडीजवळ ओल अडकून राहते. बुरशीला हेच हवे असते. १९२३ मध्ये मॅथियास चॅपमन या अमेरिकी खाण अभियंत्याने चिलीहून ११ चिंचिला कॅलिफोर्नियात नेले, तेव्हा बोटीवर त्यांचे पिंजरे बर्फाने गार ठेवावे लागले होते. अमेरिकेतले बहुतेक पाळीव चिंचिला या ११ जणांचेच वंशज मानले जातात. पिढ्या उलटल्या तरी त्यांची उष्णता आणि दमटपणा सोसण्याची ताकद फारशी वाढलेली नाही.

संसर्ग येतो कुठून?

चिंचिलामध्ये बहुतेक वेळा ‘ट्रायकोफायटन मेंटाग्रोफायटिस’ ही बुरशी आढळते. ज्या गटातल्या बुरशीमुळे माणसांना गजकर्ण होते, त्याच गटातली ही. तिचे बीजाणू लाकडी फळ्या, गवत, धुळीचे भांडे यांवर महिनोन्‌महिने टिकतात. वरकरणी ठणठणीत दिसणारा चिंचिलाही ते अंगावर वागवत असू शकतो. दमटपणा, गर्दी, प्रवासाचा ताण किंवा अपुरा आहार असे काही निमित्त मिळाले की आजार डोके वर काढतो. त्यामुळे ‘आमचा पिंजरा स्वच्छ असतो’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

लक्षणे कोणती?

नाक, डोळ्यांभोवतीचा भाग, कान आणि पाय येथे केस गळून लालसर, कोंडा सुटलेले चट्टे दिसतात. मात्र केस गेले म्हणजे बुरशीच, असे नाही. घाबरलेला चिंचिला केसांचा पुंजका एकदम सोडून देतो, तेव्हा खालची कातडी गुळगुळीत असते. ताणामुळे स्वतःचे केस कुरतडणाऱ्याच्या अंगावर खुंट राहतात, पण तोंडावर नाही, कारण तिथे त्याचे स्वतःचे दात पोहोचत नाहीत. खात्रीसाठी पशुवैद्यकाकडून केसांची बुरशी-चाचणी (कल्चर) करावी लागते. अतिनील दिव्याखाली ही बुरशी सहसा चमकत नाही. त्यामुळे ‘दिव्यात काही दिसले नाही’ म्हणजे संसर्ग नाही, असे समजू नये.

धूळस्नान कसे द्यावे?

चिंचिला धुळीत लोळून अंग साफ करतो. त्यासाठी ज्वालामुखीच्या खडकापासून केलेली बारीक भुकटी मिळते. वाळू जाड असल्याने केसांच्या मुळापर्यंत जात नाही आणि टाल्कम पावडर फुप्फुसांना घातक. आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटे पुरे. भांडे कायम पिंजऱ्यात ठेवले तर डोळे चुरचुरतात, शिवाय धुळीत लघवी मिसळते. दमट दिवसांत एखादी फेरी वाढवावी. ओलसर, गुठळ्या झालेली धूळ फेकून द्यावी. धुळीत बुरशीनाशक पावडर मिसळण्याची जुनी पद्धत आहे, पण ती पावडर प्राण्याच्या श्वासात आणि पोटातही जाते. त्यामुळे पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय ती वापरू नये.

मुंबई-कोकणात काय करावे?

इथे धूळस्नानापेक्षा खोलीतली हवा महत्त्वाची. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास किंवा कमी हवी. पावसाळ्यात किनारपट्टीवर ती अनेकदा ८० टक्क्यांपुढे असते. खिडकी उघडून काही साधत नाही, उलट ओलच आत येते. एसी किंवा हवेतली ओल शोषणारे डीह्युमिडिफायर यंत्र लागतेच आणि वीज गेल्यास पर्यायही हवा. तापमान २५ अंशांपुढे गेले तर उष्माघाताचा धोका वेगळाच. ही सोय ज्यांना परवडत नाही, त्यांनी चिंचिला आणूच नये. पिंजरा तारेचा आणि हवेशीर असावा, भिंतीला टेकवू नये. पाण्याच्या बाटलीखाली ओले झालेले अंथरूण त्याच दिवशी बदलावे. वास मारणारे किंवा ओलसर गवत देऊ नये.

नवा प्राणी आणताना कोणती काळजी?

त्याला किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे. धुळीचे भांडेही वेगळेच हवे. घरात आधीच संसर्ग असेल, तर धातूचे भाग आधी घासून एक भाग ब्लीच व दहा भाग पाणी या द्रावणात दहा मिनिटे ठेवावेत, मग धुऊन पूर्ण सुकवावेत. लाकडात बीजाणू शिरून बसतात. त्या फळ्या टाकून देणेच शहाणपणाचे.

माणसांना लागण होते का?

होते. लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना धोका अधिक. आजारी प्राण्याला हातमोजे घालून हाताळावे, नंतर साबणाने हात धुवावेत. अंगावर गोल, खाजरा चट्टा उठल्यास औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम आणून लावण्याची आपल्याकडची सवय इथे महागात पडते. त्या मलमाने खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते. त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्यावर घरात चिंचिला असल्याचेही सांगावे.