इंधन संपलं, पुढे काय?

आमच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला येणाऱ्या जुन्या मोटारसायकलवाल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. चढावर इंजिन आचके देऊ लागलं, की हात खाली जातो, पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरतो आणि गाडी पुन्हा चालू लागते. तेही पेट्रोल संपलं तर गाडी कडेला लावायची आणि बाटली घेऊन पंप शोधायचा. आकाशात मात्र कडेला थांबता येत नाही. मग लहान विमानाचं इंधन संपलं तर काय होतं?

पहिली गोष्ट म्हणजे ते दगडासारखं खाली पडत नाही. नाक थोडं खाली ठेवलं, की वेग टिकतो आणि वेग आहे तोवर पंख विमानाला तोलून धरतात. शिकाऊ वैमानिकांचं सेसना 152 हे दोन आसनांचं विमान घ्या. इंजिन बंद पडल्यावर ते एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे सरकतं. समजा, ते कपिलधारवर 3000 फूट उंचीवर आहे. वारा नसेल, तर वैमानिकाच्या हाती सुमारे 8 किलोमीटर आणि जेमतेम साडेचार मिनिटं उरतात. तेवढ्यात बीड गाठता येणार नाही. बालाघाटची दरी आणि झाडी टाळून, विजेच्या तारा चुकवून एखादा सपाट माळ शोधावा लागेल. घाबरून नाक वर ओढलं, तर वेग जातो, पंखांचा आधार सुटतो आणि विमान खरोखर कोसळतं.

अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर अनुभवी वैमानिक होता. 12 ऑक्टोबर 1997 रोजी कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या उपसागरात त्याचं छोटं विमान कोसळलं आणि तो गेला. तासाभराचंच उड्डाण आहे, म्हणून त्याने इंधन भरून घेतलं नव्हतं. त्याच्या विमानाचा कॉक डाव्या खांद्यामागे बसवलेला होता. टाकी बदलायला मागे वळताना विमानावरचा ताबा सुटला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

हिशेब मोठ्या विमानालाही चुकत नाही. 15 नोव्हेंबर 1993 रोजी मद्रासहून निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या एअरबसला हैदराबादला कमी दृश्यमानतेमुळे उतरता आलं नाही. पंखांचे फ्लॅप बाहेरच अडकले, हवेचा विरोध वाढला, इंधन भराभर जळालं. परतताना विमान तिरुपतीजवळ शेतात उतरवावं लागलं. सुदैवाने सर्व 262 जण बचावले.

या दुसऱ्या घटनेतून मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की अंतर तेवढंच असलं तरी इंधन तेवढंच लागेल असं नाही. समोरचा वारा, वळसा, धुकं, प्रत्येक जण आपला वाटा घेतो. म्हणून वैमानिक इंधन किलोमीटरमध्ये नव्हे, मिनिटांत मोजतात. अमेरिकेतील नियमानुसार, नजरेने दिशा पाहून उडणाऱ्या विमानात मुक्कामी पोहोचल्यावरही दिवसा 30 आणि रात्री 45 मिनिटांचं इंधन उरेल, अशी तजवीज उड्डाणापूर्वीच करावी लागते.

लहान विमानातल्या काट्यावरही विसंबत नाहीत. वैमानिक टाकीचं झाकण उघडून, खुणा केलेली पट्टी आत बुडवून इंधन प्रत्यक्ष पाहतो. हे काम दोन मिनिटांचं आहे. ते जमिनीवर असतानाच करता येतं. वर गेल्यावर त्याची भरपाई कशानेच होत नाही.