पाच डॉलरांचा जगप्रवास

न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागात फ्लशिंग मेडोज-कोरोना पार्क नावाचे जे विस्तीर्ण उद्यान आहे, त्या भूमीने राष्ट्रांचा मेळा निरनिराळ्या थाटांत पाहिला आहे. एके काळी जेथे ब्रुकलिन भागातील कोळशाची राख टाकली जाई, ती जागा साफ करून तेथे १९३९ साली जागतिक प्रदर्शन भरले. मग १९४६ पासून काही वर्षे संयुक्त राष्ट्रांची आमसभा तेथेच बसली. आणि १९६४ साली पुन्हा प्रदर्शन भरले, त्यातील पोलादी पृथ्वीगोल अद्याप उभा आहे. हे दुसरे प्रदर्शन १९६५च्या ज्या ऑक्टोबर महिन्यात आटोपले, त्याच महिन्यात अध्यक्ष जॉन्सन यांनी स्थलांतरितांचा देशवार कोटा रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. राष्ट्रांचे मंडप उठले आणि माणसे यावयास लागली; आज क्वीन्सच्या रहिवाशांपैकी जवळजवळ निम्मे परदेशी जन्मलेले आहेत.

त्यांच्या पाककलेला हक्काची जागा मिळावी म्हणून तैवानी वंशाच्या जॉन वांग या गृहस्थांनी वकिली सोडून २०१५ साली याच उद्यानातील विज्ञान संग्रहालयाच्या आवारात रात्रबाजार सुरू केला. हंगामात शनिवारी रात्री भरणाऱ्या या बाजाराचा कणा म्हणजे दरांवरील कमाल मर्यादा: बहुतेक पदार्थ पाच डॉलरांना, आणि फार तर सहा. ज्या शहरात एवढ्या पैशांत धड कॉफी मिळायची मारामार, तेथे हा नियम धाडसाचाच. दरनियंत्रण म्हटले की आपल्याला रेशनची रांग आठवते. येथे मात्र त्यामुळे गिऱ्हाईक अनोळखी पदार्थाला निर्धास्त हात घालते, आणि पागडी, भाडेपट्टा, परवाने यांच्या भाराखाली दबून न जाता एखादी गृहिणी किंवा दिवसा दुसरी नोकरी करणारा गृहस्थ एका तंबूत आपले नशीब अजमावू शकतो. अर्थात या स्वस्ताईची तोशीस विक्रेत्यालाच लागते, हे विसरून चालणार नाही. तेल-मांस महागले तरी पाटी बदलता येत नाही, म्हणून दोन-तीनच पदार्थ ठेवून ते शेकड्यांनी विकावे लागतात.

ब्रह्मी खाद्याच्या तंबूपुढे थोडे थांबावे. तेलात मुरवलेला मैद्याचा गोळा ओट्यावर आपटून हवेत असा फिरवतात की, त्याचा पापुद्रा पारदर्शक व्हावा. मग घड्या घालून तो तव्यावर पडतो आणि पोटात खिमा घेतो. नाव विचारले तर उत्तर येते, 'पलाटा'. आपला पराठाच तो. ब्रह्मदेशात मुक्काम करून, उच्चार बदलून, समुद्रापलीकडे येऊन उभा राहिलेला!

मुलांकडे न्यू जर्सीला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी एखादा शनिवार यासाठी राखून ठेवावा. सात क्रमांकाच्या गाडीने १११व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरावे, आणि घरून जेवून जाऊ नये.